टोचनच्या गाडीला मोठे टायर : देखाव्याचा हिशेब कोण करणार?

हायवेलगतच्या कोणत्याही मोठ्या गॅरेजपुढे टोचनची एखादी पिकअप उभी असतेच. मागे लोखंडी अँगलचा सांगाडा, त्याला चेनपुली किंवा छोटी क्रेन, खाली हूक आणि साखळी. बंद पडलेली किंवा ठोकलेली गाडी ओढून आणणे हा तिचा धंदा. काही पिकअप कॉम्प्रेसर, जनरेटर, काँक्रीट मिक्सर किंवा पाण्याचा छोटा टँकर मागे जोडून साइटवर नेतात. कामे वेगळी असली तरी गाडीवर पडणारा ताण एकाच जातीचा असतो : स्वतःचे वजन सांभाळून दुसऱ्याचे वजन ओढायचे आणि ते थांबवायचेही.

या गाड्यांना कंपनीने ठरवून दिलेल्या मापापेक्षा मोठे टायर घालण्याची एक टूम आता चांगलीच रुळली आहे. कोणी रुबाबासाठी घालतो, कोणी 'टायर मोठा म्हणजे गाडी जास्त ओढणार' या समजुतीने. काहींना टायरवाल्यानेच गळ घातलेली असते. आपल्या समाजातील कितीतरी तरुण गॅरेज, टायर, पंक्चर आणि वाहतुकीच्या धंद्यात आहेत. त्यांतल्या बहुतेकांची गाडी कर्जाची असते, महिन्याचा हप्ता चुकत नाही. म्हणून या विषयाचा विचार शौक म्हणून न करता धंद्याचा जमाखर्च म्हणून करायला हवा. तो केला तर आमचे मत स्पष्ट आहे : ओढण्याच्या कामाच्या गाडीला मापाबाहेरचा टायर घालणे हा तोट्याचा व्यवहार आहे, आणि तो तोटा नेहमीच मालकाच्या एकट्याच्या खिशातून जातो असेही नाही.

मीटर खोटे बोलू लागतो

आधी साधा हिशेब पाहू. टायरवर २१५/७५ आर १५ असे लिहिलेले असते. याचा अर्थ, टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के म्हणजे १६१ मिलिमीटर, आणि डिस्क १५ इंचाची म्हणजे ३८१ मिलिमीटरची. डिस्कच्या मापात वरची आणि खालची अशा दोन भिंती मिळवल्या की टायरची पूर्ण उंची सुमारे ७०३ मिलिमीटर येते. त्याच डिस्कवर २३५/७५ आर १५ चढवला तर उंची ७३३ होते, म्हणजे सव्वाचार टक्के जास्त. शौकीन मंडळींचा आवडता '३१ इंची' टायर चढवला तर उंची ७८७ होते, म्हणजे जवळजवळ बारा टक्के जास्त.

गाडीचा मीटर रस्ता मोजत नाही, तो फिरणाऱ्या भागांचे फेरे मोजतो. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, पण मीटरला ते कळत नाही. ३१ इंची टायरवर मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६७ च्या वेगाने चाललेली असते. मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक असतो. त्याचाही हिशेब चुकतो आणि गाडी कायद्याने घातलेली मर्यादा नकळत ओलांडते.

धंद्याच्या दृष्टीने यात आणखी एक गंमत आहे. भाडे किलोमीटरवर ठरलेले असेल आणि गाडी महिन्याला मीटरवर २,००० किलोमीटर चालत असेल, तर सव्वाचार टक्के मोठ्या टायरवर ती प्रत्यक्षात २,०८५ किलोमीटर चाललेली असते. वरच्या ८५ किलोमीटरचे डिझेल मालकाने भरले, भाडे मात्र मिळाले नाही. बारा टक्क्यांचा टायर असेल तर हाच आकडा दोनशे चाळीसच्या आसपास जातो. मग मालक म्हणतो, गाडीचे अॅव्हरेज पडले. तो पंप तपासतो, नोझल बदलतो, ड्रायव्हरवर संशय घेतो. ऑइल आणि फिल्टर बदलायची वेळही मीटरवरूनच ठरते, तीही मागे पडते.

ओढण्याची ताकद वाढत नाही, घटते

आता सर्वांत मोठा गैरसमज. टायर मोठा म्हणजे ओढ जास्त, असे पुष्कळांना वाटते. खरे उलट आहे. इंजिनाचा जोर गिअरबॉक्स आणि हौसिंगमधून चाकाच्या मध्यावर येतो आणि तिथून टायरच्या कडेने तो रस्त्याला लागतो. मध्यापासून रस्त्यापर्यंतचे अंतर जितके वाढेल तितका रस्त्यावर पडणारा जोर कमी होतो. पान्याच्या दांड्याचाच हा नियम आहे, फक्त उलट्या बाजूने पाहायचा. समजा पहिल्या गिअरमध्ये मूळ टायरवर गाडी १,००० किलोच्या जोराने ओढत होती. ३१ इंची टायर चढवल्यावर तीच गाडी, त्याच इंजिनावर, ८९३ किलोच्या जोराने ओढेल. म्हणजे शंभराहून जास्त किलोचा जोर मालकाने पैसे मोजून घालवला.

मोकळ्या सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीला हे जाणवत नाही. उलट इंजिन थोडे निवांत फिरते, त्यामुळे 'गाडी हलकी झाली' असेही वाटते. पण मागे बंद पडलेली गाडी बांधून कसारा, खंबाटकी किंवा आंबा घाट चढताना खरे काय ते कळते. ड्रायव्हर एक गिअर खाली येतो, चढावर गाडी उचलताना हाफ क्लच धरून ठेवतो, इंजिन तापते आणि क्लचप्लेट जळते. मग 'हल्ली प्लेटा चांगल्या येत नाहीत' असा निष्कर्ष निघतो.

पिकअपने ट्रेलर ओढण्याची पद्धत ज्या देशात घरोघरी आहे त्या अमेरिकेत काय करतात हे पाहण्यासारखे आहे. तिथेही मोठ्या टायरचा शौक जबरदस्त आहे. पण ज्याला खरोखर ओढायचे असते तो टायरबरोबर हौसिंगमधले क्राऊन-पिनियनही बदलतो. ३२ इंचाचे टायर काढून ३५ इंचाचे घातले तर ३.७३ प्रमाणाचे क्राऊन-पिनियन ३.४१ असल्यासारखे वागते. पहिली ओढ परत मिळवायला ४.१० चे बसवावे लागते. म्हणजे टायर हा खर्चाचा केवळ पहिला हप्ता असतो. आपल्याकडे टायर बदलून माणूस चहा पितो आणि काम संपले असे समजतो.

थांबवणे आणखी कठीण

ओढ कमी झाली तर फार तर गाडी चढणार नाही. ब्रेक कमी पडला तर माणूस मरतो. जो नियम ओढीला तोच ब्रेकला. ब्रेकचा ड्रम किंवा डिस्क तेवढीच राहिली, पायाचा दाबही तेवढाच राहिला आणि टायर बारा टक्के उंच झाला, तर रस्त्यावर मिळणारी अडवणूक दहा टक्क्यांहून अधिक घटते. शिवाय मोठा टायर वजनाने जड असतो आणि त्याचे वजन कडेला असते, म्हणून फिरते चाक थांबवायलाच जास्त जोर लागतो. त्यात टोचन केलेल्या गाडीचे इंजिन बंद असते, तिचा ब्रेक पुष्कळदा निकामी असतो. दोन गाड्यांचे वजन एका गाडीच्या ब्रेकवर येते. घाट उतरताना लाइनर तापून ब्रेक सुटतो तो अशा वेळी.

गाडीची उंचीही वाढते. टायर ८४ मिलिमीटरने मोठा झाला की सबंध गाडी ४२ मिलिमीटर वर उचलली जाते. क्रेनचा सांगाडा आधीच वर आहे. वळणावर गाडी झुकण्याची शक्यता त्यामुळे वाढते. स्टिअरिंग पूर्ण फिरवले की टायर मडगार्डला किंवा पाट्याला घासतो. तो घासू नये म्हणून डिस्क बाहेर काढली की चाकाच्या बेअरिंगवर तिरका भार येतो. एक दुखणे काढायला दुसरे विकत घ्यायचे, असा हा प्रकार आहे.

आपल्याकडे आणखी एक प्रथा आहे : मागे मोठे टायर, पुढे कंपनीचे, आणि स्टेपनी जुन्या मापाची. रात्री मागचा टायर पंक्चर झाला की एका बाजूला मोठा आणि दुसऱ्या बाजूला लहान टायर घेऊन गाडी चालते. सरळ रस्त्यावरही दोन्ही चाके वेगळ्या गतीने फिरतात, त्यामुळे जे डिफरन्शियल फक्त वळणावर काम करायचे ते सतत काम करत राहते आणि तापते. ज्याचा धंदाच लोकांच्या अडल्या गाड्या सोडवण्याचा, त्याची स्वतःची गाडी अशी अडलेली असावी, यापेक्षा धंद्याची वाईट जाहिरात नाही.

मोठा टायर आणि ताकदीचा टायर

टायरची ताकद त्याच्या आकारावर ठरत नाही, त्याच्यावर छापलेल्या भारांकावर ठरते. मापाच्या पुढे १००, १०६, ११२ असा आकडा आणि त्यापुढे एक अक्षर असते. आकडा भाराचा, अक्षर वेगाचे. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो. १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०, १०८ म्हणजे १,०००, ११२ म्हणजे १,१२० किलो. रुंद, काळाकुळकुळीत, मोठ्या नक्षीचा दिसणारा टायर कारच्या जातीचा असू शकतो, आणि शेजारी ठेवलेला साधा, बारीक दिसणारा 'एलटी' म्हणजे हलक्या ट्रकचा टायर त्याच्यापेक्षा जास्त भार घेणारा असू शकतो. अमेरिकेत तर कारच्या जातीचा टायर पिकअपला लावायचा असेल तर त्याच्या छापील भाराला १.१० ने भागून मगच हिशेब करतात.

टोचनच्या गाडीला हा आकडा का महत्त्वाचा, ते उदाहरणाने पाहू. पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर ३ मीटर आहे, आणि हूक मागच्या चाकांच्या १.२ मीटर मागे आहे, असे धरा. बंद गाडीचे तोंड उचलल्यावर हूकवर ६०० किलो आले. पुष्कळांना वाटते की मागच्या चाकांवर ६०० किलो वाढले. तसे नाही. हूक चाकांच्या मागे असल्यामुळे तराजूसारखा परिणाम होतो : मागच्या चाकांवर ८४० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून २४० किलो कमी होतात. म्हणून तर टोचन केल्यावर स्टिअरिंग हलके लागते. मागच्या प्रत्येक टायरवर ४२० किलोंची भर पडली. क्रेनच्या सांगाड्यासह आधीच प्रत्येकावर ५०० किलो असतील तर बेरीज ९२० झाली. टायर १०० भारांकाचा असेल तर त्याची मर्यादा ८०० ची. तो टायर कितीही मोठा दिसत असला तरी त्याच्यावर अन्याय चालला आहे. त्याच मापात ११२ चा टायर घातला असता तर गाडीची उंची, मीटर, ब्रेक, ओढ सगळे जसेच्या तसे राहिले असते आणि भारही पेलला असता. अर्थात टायर पेलतो म्हणून गाडीने ठरलेल्या वजनाबाहेर ओझे घ्यावे असे नाही. पाटे, हौसिंग आणि ब्रेक यांची मर्यादा टायर बदलून वाढत नाही.

आणि हा छापील भार ठरलेल्या हवेवरच खरा असतो. हवा कमी असेल तर टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, आतून तापते आणि एक दिवस नक्षीचा पट्टा सालीसारखा सुटतो. पट्टा सुटण्याचे हे संकट किती मोठे होऊ शकते ते जगाने पाहिले आहे. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. ते मुख्यतः फोर्डच्या एक्स्प्लोरर गाडीला लागणारे १५ इंची टायर होते. धावताना पट्टा सुटून गाड्या उलटत होत्या आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. फोर्डने टायरच्या बनावटीला दोष दिला. टायर कंपनीने फोर्डने सुचवलेल्या २६ पौंड हवेकडे आणि गाडीच्या रचनेकडे बोट दाखवले. त्यानंतर तिथे नवा कायदा झाला आणि हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा गाड्यांना सक्तीची करण्यात आली. तिथले टायर मापाबाहेरचे नव्हते, तरी हे घडले. टायर, हवा, भार आणि उष्णता यांचा हिशेब एकच असतो, हा त्यातला धडा. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात डांबर मऊ होते, तिथे हा धडा आपल्याला जास्तच लागू आहे. २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर गोटा झालेल्या टायरच्या गाड्या अडवण्याची मोहीम परिवहन विभागाने घेतली, तीही याच काळजीने.

कायद्याची आणि विम्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. व्यापारी वाहनाच्या नोंदणीत तर टायरची संख्या, वर्णन आणि मापही लिहिलेले असते. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हीच गोष्ट ठासून सांगितली. त्याच वर्षी झालेल्या कायद्याच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. मोठा टायर घालून जास्त ओझे घेणाऱ्याला ही दोन्ही कलमे एकाच दिवशी भेटू शकतात.

दंड भरून माणूस सुटतो, पण विम्याचा प्रश्न तसा सुटत नाही. अपघात झाला की सर्व्हेअर गाडीचे फोटो काढतो, टायरचे माप लिहून घेतो. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या आड येऊ शकतो. पिकअपचे नुकसान एक वेळ सोसता येईल, पण हूकला ज्या गाहकाची गाडी बांधलेली होती त्याला काय उत्तर देणार? आणि समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या घरच्यांना काय सांगणार? टायरचा रुबाब मालकाचा, पण त्याचा धोका रस्त्यावरच्या सगळ्यांनी वाटून घ्यायचा, हा व्यवहार न्यायाचा नाही.

दुसरी बाजू

मोठ्या टायरच्या बाजूने काहीच बोलण्यासारखे नाही असे नाही. खाणीच्या रस्त्यावर, उसाच्या फडात, कोकणातल्या कच्च्या वाटेवर गाडीचे पोट दगडाला लागते, तिथे उंचीचा उपयोग होतो. वाळूत आणि चिखलात रुंद टायर कमी रुततो. पण अशा कामाला कंपनीच अनेकदा त्याच गाडीचे उंच किंवा चारही चाकांना जोर देणारे मॉडेल देते, त्याचे हौसिंग आणि ब्रेकही त्या टायरला जुळवलेले असतात. गाडीच्या पुस्तिकेत किंवा दरवाजाजवळच्या पट्टीवर दुसरे माप मान्य केलेले असेल तर ते खुशाल घालावे. तक्रार मोठेपणाची नाही, बेहिशेबी मोठेपणाची आहे.

दुसरा मुद्दा पैशाचा. कंपनीच्या मापातला जास्त भारांकाचा टायर महाग पडतो, असे गॅरेजवाले सांगतात. तो पडतही असेल. पण मोठ्या टायरची किंमत, त्यासाठी लागणाऱ्या डिस्क, लवकर गेलेली क्लचप्लेट, लायनर, बेअरिंग आणि न मिळालेल्या किलोमीटरांचे डिझेल हे सगळे एका कागदावर मांडले तर स्वस्त काय ते वेगळे सांगावे लागणार नाही. हा कागद फार थोडे मालक मांडतात, एवढीच अडचण आहे.

टायरवाल्यांचीही जबाबदारी

या सगळ्यात मालकाइतकीच टायर विकणाऱ्याची जबाबदारी आहे. गाहक नक्षी आणि उंची पाहून टायर मागतो, कारण त्याला भारांक वाचता येत नाही. दुकानदाराला येतो. गाडी कशाला वापरणार, मागे काय ओढणार, हे दोन प्रश्न विचारून मगच टायर दाखवला तर आजची विक्री कदाचित थोडी लहान होईल, पण तो गाहक दहा वर्षे दुकान बदलणार नाही. बिलावर माप, भारांक आणि भरायची हवा लिहून द्यायला एक मिनिट लागते. जाणूनबुजून चुकीचा माल गळ्यात मारून 'त्यानेच मागितला' म्हणणे ही व्यापाराची रीत नव्हे. मालाचा दोष सांगून विकणारा व्यापारी मागे राहत नाही, हे आपल्या बाजारपेठांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे.

ज्यांची गाडी ओढण्याचे काम करते त्यांनी निदान एवढे करावे. टायर कंपनीच्या मापाचा, पण मिळेल तितक्या जास्त भारांकाचा घ्यावा. चारही चाके आणि स्टेपनी एकाच मापाची ठेवावी. हवा टायर थंड असताना, पुस्तिकेत भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे, आठवड्यातून एकदा तरी गेजने तपासावी. लाथ मारून हवा कळत नाही. नक्षी १.६ मिलिमीटरवर येण्याआधी टायर बदलावा. क्रेनसह गाडी एकदा वजनकाट्यावर न्यावी, पुढची आणि मागची चाके वेगवेगळी तोलून घ्यावीत आणि तो कागद गाडीत ठेवावा. वजनकाट्याची पावती फार थोड्या रुपयांची असते, आणि आपल्या गाडीवर खरोखर किती भार आहे हे सांगणारा दुसरा कोणताही कागद मालकाजवळ नसतो.

आणि ज्यांनी मोठे टायर आधीच घातले आहेत, त्यांनी ते झिजेपर्यंत वाट पाहू नये. निदान टोचनचे काम तरी ते बदलल्याशिवाय घेऊ नये. उतरवलेल्या टायरला बाजारात गिऱ्हाईक मिळते. घाटात सुटलेला ब्रेक परत मिळत नाही.